चेरीच्या सगळ्या बिअर गोडच असतात का? एक प्यायलो, खोकल्याच्या औषधासारखी लागली. आणखी कुठली चाखून बघावी का?

बघाच. खोकल्याचं औषध हे एक टोक झालं. दुसऱ्या टोकाला इतकी आंबट बाटली आहे की पहिल्या घोटाला माझा एक डोळा आपोआप मिटला होता.

गोंधळ होतो तो लेबलवरच्या ‘क्रीक’ या शब्दामुळे. डच भाषेत क्रीक म्हणजे आंबट चेरी. बेल्जियममध्ये गोड, आंबट, सगळ्याच चेरी बिअरवर तो दिसतो. खरा फरक पडतो तो मूळ बिअर कुठली आणि चेरीतली साखर यीस्टने खाल्ली की नाही, यावर.

जुन्या पद्धतीत मूळ बिअर म्हणजे लॅम्बिक. ब्रसेल्सच्या परिसरात गहू-बार्लीचा उकळलेला अर्क उथळ टाकीत रात्रभर उघडा ठेवतात आणि हवेतलं रानटी यीस्ट त्यात आपसूक येऊन पडतं. मग ती लाकडी पिंपात मुरते आणि त्यात चेरी पडतात, बऱ्याचदा बियांसकट. महिनोन्‌महिने यीस्ट चेरीची साखर फस्त करत राहतं. उरतो तो रंग, वास आणि आंबटपणा. गोड क्रीकमध्ये फळांचा रस आणि साखर घालतात, आणि ती साखर खायला यीस्टला वाव ठेवत नाहीत.

मी तीन ग्लास शेजारी ठेवून चाखले होते: लिंडेमान्स क्रीक, लिफमान्स क्रीक ब्रूट आणि बोनची आउदे क्रीक. सुरुवात लिंडेमान्सने केली आणि तिथेच फसलो. ती सरबतासारखी गोड, अल्कोहोल जेमतेम ३.५ टक्के, उकाड्यात मला आवडतेही. पण तिच्यावर बोनचा घोट घेतला तर निव्वळ व्हिनेगर! पाणी पिऊन, पावाचा तुकडा चघळून, अर्ध्या तासाने परत घेतली. तेव्हा कुठे कळलं की आंबटपणाच्या मागे ओल्या गोणपाटासारखा वास आहे (वाईट वाटतो, पण दुसऱ्या ग्लासपर्यंत चटक लागते) आणि अगदी शेवटी कडू बदाम. हा बदाम चेरीच्या बियांतून येतो. मी आता प्रत्येक चेरी बिअरमध्ये आधी तोच शोधतो.

लिफमान्स या दोघींच्या मधली. तिच्यात लॅम्बिक नाही. तपकिरी, माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) गोडवा असलेल्या आंबट बिअरमध्ये चेरी मुरवतात. त्यामुळे चेरी जरा शिजवल्यासारखी, मुरंब्याच्या अंगाने जाते.

तर तुम्ही लिफमान्सपासून सुरू करा. ती पटली तर लेबलवर ‘आउदे’, म्हणजे ‘जुनी’, हा शब्द शोधा. लॅम्बिकच्या बाबतीत तो नुसता शोभेचा नाही. आउदे क्रीक हे नाव युरोपीय संघाने १९९७ मध्ये पारंपरिक पद्धतीला बांधून दिलंय. एका बैठकीत दोन्ही चाखणार असाल तर आंबट आधी, गोड नंतर.

आउदेची बाटली आदल्या दिवशीच उभी ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसतो. बर्फासारखी गार करू नका, वासच मरतो. आणि बूच बेसिनवर धरून उघडा. माझी एक बाटली अशी उसळली होती की पांढऱ्या टेबलक्लॉथवरचा डाग अजून आहे.