क्रूझची केबिन: साइटवरून घ्यावी की जळगावच्या एजंटाकडून?

पाचोऱ्याचे भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिंगापूरहून निघणारी चार रात्रींची क्रूझ. आई-वडील, तुम्ही दोघं, धाकटा भाऊ-वहिनी आणि तुमचा मुलगा असे सात जण. कंपनीच्या साइटवर 'इंटिरियर गॅरंटी' (आतली, नंबर न ठरलेली) केबिन स्वस्तात दिसतेय, जळगावचा एजंट बराच जास्त आकडा सांगतोय. मधला फरक म्हणजे त्याची मलई का?

आधी हे बघा की दोन्ही आकडे एकाच वस्तूचे आहेत का. बहुतेक वेळा नसतात. साइटवर पहिल्या पानावर जो भाव दिसतो तो एका केबिनमध्ये दोघं धरून माणशी असतो. पोर्ट चार्जेस, टॅक्स, ग्रॅच्युइटी (जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची टिप) हे सगळं पैसे भरायच्या पानापर्यंत एकेक करून चढत जातं. एजंट मात्र सगळं मिळून एक गोल आकडा सांगतो, त्यात व्हिसा आणि एअरपोर्टची गाडीसुद्धा असू शकते. म्हणून त्याच्याकडून ब्रेकअप, म्हणजे कशाचे किती ते, लेखी मागा. एजंटाचं कमिशन सहसा क्रूझ कंपनी देते, त्यामुळे तीच तारीख, तीच केबिन धरली तर भावात फार फरक पडायला नको. पडत असेल तर कशाचा, ते त्याला सांगता आलं पाहिजे. उडवाउडवी करत असेल तर दुसरा एजंट बघा, जळगावात कमी नाहीत.

खरा फरक भावात नाही, बुकिंग कोणाच्या हातात राहतं त्यात आहे. एजंटाने केलेल्या बुकिंगबद्दल तुम्ही कंपनीला थेट फोन केला तर बहुतेक कंपन्या म्हणतात, तुमच्या एजंटाशी बोला. नाव दुरुस्त करायचं, केबिन बदलायची, रद्द करायचं, सगळं त्याच्यामार्फत. रिफंडही आधी त्याच्या खात्यात येतो, मग तुमच्या. एजंट चांगला असेल तर हे सुखाचं, कारण कॉल सेंटरवर ताटकळत तो बसतो, तुम्ही नाही. वाईट असेल तर तुमचे पैसे, तुमची सुट्टी आणि त्याचा स्विच्ड ऑफ फोन. 'टेन्शन लेऊ नका, मी शे ना!' हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक एजंटाच्या तोंडी असतं, ते ऐकून पैसे देऊ नका. पैसे भरल्यावर कंपनीचा स्वतःचा बुकिंग नंबर मागा आणि घरी बसून कंपनीच्या साइटवर टाकून बघा. सातही नावं आणि केबिन नंबर तिथे दिसले तर बुकिंग खरं. एजंटाच्या लेटरहेडवरच्या व्हाउचरवर समाधान मानू नका.

आता तुमची ती गॅरंटी केबिन. त्यात केबिनचा प्रकार पक्का असतो, नंबर कंपनी मागाहून तिच्या सोयीने देते. लग्नात लॉजवर वऱ्हाडाला खोल्या वाटतात तसं, शेवटी जी उरेल ती तुमची. पोरंपोरं चालली असतील तर बिनधास्त घ्या, पैसे वाचतात. पण सत्तरीतल्या आईवडिलांना घेऊन? एक केबिन चौथ्या डेकवर (मजल्यावर) पुढच्या टोकाला, दुसरी नवव्यावर मागच्या टोकाला, असं झालं तर दिवसभर कॉरिडॉर तुडवत एकमेकांना शोधाल. मोठ्या जहाजाचा कॉरिडॉर म्हणजे शेकडो फूट एकसारखी दारं. आमच्या आत्याबाई चष्मा केबिनमध्ये विसरल्या म्हणून परत गेल्या आणि दुसऱ्याच दाराला कार्ड लावत उभ्या राहिल्या. शेवटी त्यांनी दाराच्या कडीला जांभळा रुमाल बांधून टाकला.

नंबर स्वतः निवडायचा असेल तर कंपनीच्या साइटवरचा डेक प्लॅन उघडा. मधल्या भागातल्या, खालच्या डेकवरच्या केबिनला हेलकावा सर्वात कमी लागतो. ज्यांना एसटीच्या मागच्या सीटवर मळमळतं त्यांच्यासाठी हीच जागा. वरच्या आणि खालच्या डेकवर काय आहे तेही बघा. केबिनच्या डोक्यावर स्विमिंग पूल किंवा बुफे असेल तर पहाटेपासून खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो, खाली थिएटर असेल तर रात्री ढोल. लिफ्टपासून चार-पाच दारं लांब ठीक, अगदी शेजारी नको. 'ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू' लिहिलं असेल तर खिडकीसमोर लाइफबोट लटकलेली असू शकते. आणि इंटिरियर केबिनला खिडकीच नसते. दिवा बंद केला की ठार अंधार. पहाटे पाचला उठून चहा मागणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना तिथे उजाडल्याचं कळतच नाही. आईवडिलांसाठी ओशन व्ह्यू किंवा बाल्कनी, तुमच्यासाठी समोरची इंटिरियर, असं करता येतं. मुलाला तुमच्याच केबिनमध्ये तिसरा म्हणून घाला, भिंतीतून खाली उघडणारा बंक असलेली केबिन मागा. तिसऱ्या माणसाचा भाव बहुधा कमी लागतो.

इथे एजंटाचा एक फायदा सांगतो. बऱ्याच कंपन्यांकडून त्यांना काही दिवस पैसे न भरता केबिन रोखून धरता येते. सात जणांची सुट्टी जुळवायला तेवढा वेळ सोन्यासारखा. उलट तुम्ही स्वतः बुक केलं आणि अंतिम पैसे भरायच्या आधी भाव उतरला, तर काही कंपन्या नवा भाव लावून देतात. एजंटही हे करून देऊ शकतो, पण तो रोज साइट बघत बसणार नाही, तुम्हालाच त्याच्या मागे लागावं लागेल.

नावांचा घोळ मात्र आपल्याकडे ठरलेलाच. आधारवर 'रमेश नामदेव पाटील', पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि 'रमेश नामदेव' दुसऱ्या रकान्यात, वहिनीच्या पासपोर्टवर अजून माहेरचं नाव. फॉर्म भरताना पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर तेच टाका. एजंट भरणार असेल तर व्हॉट्सअॅपवर नावं टाइप करून पाठवू नका, पासपोर्टच्या पानाचा फोटो पाठवा. पासपोर्ट प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने तरी चालू असावा.

पैशाचं एक सांगायचं राहिलं. परदेशी पॅकेज एजंटाकडून घेतलं की तो वरून टीसीएस (आगाऊ गोळा होणारा आयकर) घेतो. तो पैसा बुडत नाही, पॅनवर जमा होतो, आयकर खात्याच्या साइटवर तुमच्या नोंदीत दिसतो आणि आयकर रिटर्न भरलं की वळता होतो. पण वडील केळीवाले, शेतीचं उत्पन्न, रिटर्न भरत नसतील आणि बिल त्यांच्या नावाने फाडलं, तर ती रक्कम सोडवायला त्यांना रिटर्न भरावं लागेल. म्हणून पैसे आणि बिल रिटर्न भरणाऱ्याच्या नावावर असू द्या. पैसे एजंटाच्या फर्मच्या खात्यातच टाका, कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नको. साइटवर डॉलरमध्ये कार्ड वापरलंत तर बँक त्यावर फॉरेक्स मार्कअप (परकी चलनाचा जादा आकार) आणि त्यावर जीएसटी लावते, तोही धरून तुलना करा.

तुमच्या जागी मी असतो तर ही ट्रिप एजंटाकडून केली असती, पण केबिन नंबर मी सांगून. कारण सात माणसं, तीन केबिन, दोन म्हातारी माणसं आणि सिंगापूरचा व्हिसा. हा व्हिसा भारतातून तसाही अधिकृत एजंटामार्फतच अर्ज करून मिळतो. जहाज परत सिंगापूरलाच लागणार, म्हणून तो मल्टिपल एन्ट्री आहे ना, ते बघून घ्या. पुढेमागे तुम्ही दोघंच मुंबई-गोवा क्रूझला निघालात तर मात्र सरळ साइटवरून बुक करा. पासपोर्ट-व्हिसाची भानगड नाही, जहाज बॅलार्ड पिअरहून सुटतं आणि सीएसएमटीवर उतरलं की टॅक्सीने जवळच आहे. फक्त त्याच सकाळच्या गाडीच्या भरवशावर राहू नका, आदल्या दिवशी मुंबईत पोहोचा. गाडी लेट झाली म्हणून जहाज थांबत नाही.

एजंटाच्या ब्रेकअपमध्ये 'एसजी अरायव्हल कार्ड' (सिंगापूरला पोहोचण्याआधी भरायचा फॉर्म) याचे पैसे लावले असतील तर ते काढायला सांगा. सिंगापूर इमिग्रेशनच्या सरकारी साइटवर ते फुकट भरता येतं, पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत. आणि सिंगापूरला क्रूझची दोन टर्मिनल आहेत, मरिना बे आणि हार्बरफ्रंट. तिकिटावर कोणतं लिहिलंय ते टॅक्सीत बसायच्या आधी वाचा. केबिनचे नंबर हाती आले की इथे टाका, डेक प्लॅनवर बघून सांगतो.