तासाला तास : टाइम बँकेविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही टाइम बँक काढतोय : दुसऱ्याला तासभर मदत केली की आपल्या नावावर एक तास जमा, आणि तो पुढे कुणाचीही मदत घेऊन खर्चायचा. पण वकिलाचा तास आणि सामान आणून देणाऱ्याचा तास सारखाच धरायचा, हे पटत नाही.

पटायला वेळ लागतो, पण इथे तडजोड करू नका. अमेरिकेतले एडगर कान स्वतः वकीलच. १९८० मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन अंथरुणाला खिळले आणि आपण आता कुणाच्या कामाचे नाही, या भावनेने बेचैन झाले. त्यातून त्यांना ही कल्पना सुचली. (जपानमध्ये तेरुको मिझुशिमा यांनी १९७३ मध्येच ओसाकात श्रमाची बँक काढली होती, हे सहसा कुणी सांगत नाही.) बाजारभाव लावलात की बाजारात ज्याला भाव नाही तो इथेही मागे पडणार. वकिलाला नाहीच पटलं, तर वकिली फी घेऊन करू दे आणि बँकेत पोहायला शिकवू दे!

प्रश्न : वडील अर्धांगवायूमुळे घरातच असतात. ते मदत घेतील, पण देणार काय?

बोलणं स्पष्ट असेल, तर फोन. एकट्या राहणाऱ्या तिघा-चौघांना रोज सकाळी पाच मिनिटं : झोप लागली का, गोळी घेतली का. फोन उचलला नाही, तर संयोजकाला कळवायचं. आठवडाभरात पावणेदोन-दोन तास सहज जमा होतात. शिवाय एखाद्या मुलाचे पाढे ऐकता येतील. लंडनमध्ये रशी ग्रीन नावाच्या दवाखान्यात १९९९ मध्ये टाइम बँक सुरू झाली, ती अशाच पेशंटसाठी. एकटेपणाने खचलेल्यांना औषधाच्या जोडीला माणसं हवी होती, आणि आपलीही कुणाला गरज आहे हा अनुभवही. वडिलांना नुसतं घेणारा सभासद म्हणून नोंदवू नका, ते लवकरच नको म्हणतील.

प्रश्न : टाइम बँकेमुळे बीपी, शुगर कमी होते का?

तसा दावा मी करणार नाही. एकटेपणा कमी झाला, उभारी आली, असं सभासद सांगतात. पण बराचसा पुरावा त्यांच्या सांगण्यावरच उभा आहे, आणि सामील होणारे मुळातच उत्साही असू शकतात. तपासणीला सोबत, ऑपरेशननंतर घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात हाताखाली कुणीतरी, हा फायदा मात्र रोकडा. इंजेक्शन, ड्रेसिंग, औषधाचा डोस यांत सभासदांनी पडू नये.

प्रश्न : सगळ्यांना तास द्यायचेत, मागत कुणीच नाही. आमचं काय चुकतंय?

हे दुखणं बहुतेक बँकांना आहे. मदत मागायची आपल्याला लाज वाटते, आणि तास साठले की व्यवहार थंडावतो. "काही हवंय का?" असं विचारलंत तर उत्तर "नाही" हेच येणार. "गुरुवारी माळ्यावरचं सामान उतरवायला कुणाला पाठवू?" असं विचारा. हे विचारायला सभासदांना नावानिशी ओळखणारा संयोजक लागतो, आणि त्याला पगार द्यावा लागतो. अनुदान आटलं की पहिली कात्री याच पगाराला लागते आणि मागोमाग बँक बसते. ॲप नंतर घ्या, सुरुवातीला वही पुरते.