टँडेमचे क्रँक आत घ्यायचे, पण किती?

प्रश्न : माझा थोरला भाऊ दृष्टिहीन आहे. दर रविवारी आम्ही कोथरूडहून खडकवासल्यापर्यंत टँडेम सायकलने (एकामागे एक बसून दोघांनी चालवायच्या सायकलने) जातो. मी पुढे आणि दादा मागे. पाय फाकवून पॅडल मारावे लागते आणि गुडघा दुखतो, अशी दादाची तक्रार आहे. मागच्या दोन्ही क्रँकांच्या (ज्यांच्या टोकाला पॅडल बसते त्या दांड्यांच्या) बाहेरच्या कडांमधले अंतर पॅडलपाशी मोजले तर ते १७६ मिमी भरते. म्हणून टँडेमचाच, पण कमी फाकलेल्या क्रँकांचा जुना संच मिळवला. सध्याच्या १२७ मिमीच्या चौकोनी टोकांच्या ॲक्सलवर (दोन्ही क्रँक जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर) तो बसवून पाहिला, तेव्हा अंतर १६८ झाले. डावीकडच्या मागच्या चेनव्हीलचे (क्रँकला जोडलेल्या दातेरी चक्राचे) दात आणि चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणारी चौकटीची खालची नळी) यांत ९ मिमी फट उरली. एका दुकानदाराने फक्त मागचा बॉटम ब्रॅकेट (ॲक्सल आणि त्याच्या बेअरिंगांचा संच) ११३ मिमीचा टाकायला सांगितले आहे. तसे करावे का? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : फक्त मागचा बदलू नये. पुढच्या स्वाराचा जोर मागे नेणारी चेन तुमच्या सायकलीत डावीकडे आहे आणि तिची दोन्ही चेनव्हील एका रेषेत असावी लागतात. ॲक्सल १४ मिमीने आखूड झाला की प्रत्येक क्रँक ७ मिमी आत सरकतो. पुढचे चेनव्हील जागच्या जागी आणि मागचे तेवढे आत, अशा स्थितीत चेन तिरकी धावेल, दात झिजवेल आणि एखाद्या खड्ड्यात गचका बसताच चेनव्हीलवरून उतरेलही. ती उतरली की दोघांच्या पायांचा मेळ तुटतो. समोरचे काहीच न दिसणाऱ्या दादांसाठी तो क्षण फार घाबरवणारा असेल.

शिवाय ९ मिमीच्या फटीतून ७ गेले की उरतात २. घरात स्टँडवर उभ्या केलेल्या सायकलीला ते पुरतील, परंतु चढावर दोघांनी एकदम जोर लावला की ॲक्सल, क्रँक आणि चौकट थोडी वाकतातच, आणि दात चेनस्टेचा रंग खरवडू लागतात. मी पुढे आणि मागे, दोन्हीकडे ११८ मिमीचे बॉटम ब्रॅकेट घेईन. प्रत्येक बाजू साडेचार मिमी आत जाईल, फट साडेचार मिमी उरेल आणि पॅडलपाशी अंतर १५९ होईल, म्हणजे मूळच्या मापापेक्षा १७ मिमी कमी. पायांना हा फरक नक्की जाणवेल.

मात्र खरेदीपूर्वी उजवी बाजूही मोजा. तिथले सर्वांत लहान चेनव्हीलही साडेचार मिमी आत येणार, आणि पुढच्या डिरेल्यरला (चेन एका चेनव्हीलवरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या भागाला) तितके आत पोहोचता आले पाहिजे. शेलची (चौकटीतल्या ज्या नळीत बॉटम ब्रॅकेट बसतो तिची) रुंदी ६८ मिमी आहे की ७३, हे पाहा. ॲक्सलचे चौकोनी टोक जिस (JIS) मापाचे आहे की आयसो (ISO), हेही विचारा; चौकोनी टोकांची ही दोन वेगळी प्रमाण मापे आहेत. दोन्हींचा उतार सारखाच असला तरी आयसोचा क्रँक जिसच्या ॲक्सलवर सुमारे साडेचार मिमी बाहेरच अडतो, आणि मग सारे गणित वाया जाते.

इंग्लिश आट्यांच्या शेलमध्ये उजव्या कपाचे (बॉटम ब्रॅकेटला शेलमध्ये धरून ठेवणाऱ्या कडीचे) आटे उलटे असतात, तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतो. पुढचा बॉटम ब्रॅकेट विकेंद्री गोळ्यात (ज्याचे भोक मधोमध नसते अशा) बसतो. तो गोळा फिरवून चेनचा ताण जुळवतात. आवळण्यापूर्वी तोच किंचित डावी-उजवीकडे सरकवून दोन्ही चेनव्हीलवर सरळ पट्टी टेकवून पाहा, एखाद्या मिमीचा फरक तिथेच निघतो. क्रँकचे बोल्ट ३५ ते ४० न्यूटन-मीटरने आवळा आणि पहिल्या ५०-६० किमीनंतर पुन्हा तपासा.

दादांच्या गुडघ्याबद्दल एवढेच म्हणेन, की दुखणे केवळ रुंदीमुळे आहे असे धरून चालू नका. सीट फार खाली असली तरी गुडघा दुखतो, म्हणून तिची उंची याच वेळी तपासा. नव्या ॲक्सलवरची पहिली फेरी छोटी ठेवा आणि चेन घासल्याचा बारीकसा आवाज येतो का, हे दादांनाच विचारा. मागच्या चेनव्हीलच्या अगदी वर तेच बसलेले असतात.