‘देवाची वेळ’ येणार कधी?

प्रश्न : पाळकसाहेब, अर्धांगवायूच्या झटक्यानंतर माझे यजमान तीन वर्षं अंथरुणावर आहेत. उपासनेला गेले की जो तो सांगतो, ‘देवाची वेळ येईल, धीर धरा.’ घरात भिंतीवर बायबलमधलं यिर्मया २९:११ हे वचन लावलंय, ‘माझे संकल्प हिताचे आहेत’ असं. हल्ली ते वाचताना राग येतो. माझा विश्वास कमी पडतोय का? – एक भगिनी

उत्तर : ताई, हेच वाक्य मी पाळक म्हणून कितीजणांना ऐकवलं असेल, देव जाणे. मग माझी आई अंथरुणाला खिळली आणि ते ऐकून घ्यायची पाळी माझ्यावर आली. तेव्हा समजलं, ते किती चटकन बोलून होतं!

भिंतीवरचं वचन राहू द्या, पण त्याच्या मागचं-पुढचं वाचा. आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो, की बाबेलला (बॅबिलोनला) नेलेले यहुदी बंदिवान दोन वर्षांत परत येतील. ऐकायला किती गोड! यिर्मया संदेष्टासुद्धा म्हणाला, ‘आमेन, परमेश्वर तसं करो.’ पण हनन्या खोटा ठरला. २९व्या अध्यायात यिर्मयाने बंदिवानांना धाडलेलं पत्र आहे, त्यात आकडा होता सत्तर वर्षांचा. ‘माझे संकल्प हिताचे आहेत’ हे ११वं वचन त्या सत्तरच्या लगेच खाली येतं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या कित्येकांच्या हयातीत ती वेळ यायचीच नव्हती. मग त्यांनी करायचं काय? घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, असं त्याच पत्रात आहे. जवळची मुदत देऊन धीर देणारा खोटा निघाला, हे मी तरी विसरत नाही. म्हणून ‘यजमान बरे होतील’ असं मी तुम्हाला लिहिणार नाही. माझी आई बरी झाली नाही.

रागाचं म्हणाल, तर १३वं स्तोत्र काढा. पहिल्या दोन वचनांत चारदा ‘किती काळ?’ आहे. लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाल्यावर प्रभू येशू पोचला, तेव्हा लाजराच्या बहिणीने, मार्थाने तोंडावर सांगितलं, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. प्रभू तिच्यावर रागावला नाही. थोड्या वेळाने तो स्वतःच रडला. तेव्हा विश्वास कमी पडल्याची शंका मनातून काढा. तुमची तक्रार योग्य जागी चाललीय.

आईला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागे. रात्रीचे गजर लावलेले असत. एकदा मंडळीतले एक भाऊ भेटायला आले आणि ‘देवाची वेळ’ सुरू झाली, तोच गजर वाजला. मी म्हटलं, ‘जरा चादरीचं ते टोक धरता?’ त्यांनी धरलं, पण हात थरथरत होते. आईचं अंग किती जड झालंय ते त्यांना तेव्हा कळलं. पुढे दर गुरुवारी संध्याकाळी ते यायचे. ते वाक्य मात्र पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

तुम्हीही मागा, ताई. आठवड्यातली एक रात्र कोणी जागेल का, असं मंडळीत सरळ विचारा. संकोच करू नका. आणि यजमानांच्या पाठीवर, टाचांवर लालसर डाग दिसला आणि तो जात नसला, तर रविवारची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.