शहरातील गच्चीवरून नवताऱ्याची नोंद

प्रश्न : मुलुंडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून मी सहा इंची दुर्बिणीने आकाश पाहतो. नवतारे (एकाएकी उजळणारे तारे), सुपरनोव्हा (ताऱ्याचा प्रचंड स्फोट) अशा अल्पकाळ टिकणाऱ्या घटनांच्या निरीक्षणात हौशी मंडळींनी सहभागी व्हावे, असे वाचनात येते. परंतु स्वयंचलित दुर्बिणी रात्रभर काम करीत असताना, मुंबईच्या पांढुरक्या आकाशातून केलेल्या माझ्या नोंदींचा काय उपयोग? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : उपयोग निश्चित आहे. आकाशाची सरसकट पाहणी करणाऱ्या दुर्बिणी एका भागाकडे बहुधा काही रात्रींनी परततात, आणि अंधूक वस्तूंसाठी घडवलेले त्यांचे कॅमेरे तेजस्वी ताऱ्यापुढे संपृक्त होतात, म्हणजे त्याचे तेज त्यांना मोजताच येत नाही. उत्तर मुकुट तारकासमूहातील टी कोरोने बोरिआलिस हा तारा एरवी दहाव्या प्रतीचा असतो (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद). तो खरे तर जोडतारा आहे : तांबड्या राक्षसी ताऱ्याकडून ओढलेला वायू शेजारच्या श्वेतबटूवर, म्हणजे लहान पण अतिघन ताऱ्यावर, साचून अखेर पेटतो, तेव्हा हा जोडतारा नवतारा होऊन नुसत्या डोळ्यांना दिसू लागतो. असे 1866 आणि 1946 मध्ये घडले, म्हणून गेली काही वर्षे जगभरचे निरीक्षक त्याच्यावर लक्ष ठेवून आहेत. मुंबईहून हा तारा जवळजवळ डोक्यावरून जातो, त्यामुळे क्षितिजालगतच्या दिव्यांचा त्रास कमी होतो. मे महिन्यात मध्यरात्रीच्या सुमारास, स्वातीच्या पूर्वेला भूतप आणि शौरी या तारकासमूहांच्या मध्ये, तो आपल्या दुर्बिणीतून सापडावा.

काही दिसले नाही, तर तेही अवश्य लिहावे. माझ्या मते हौशी निरीक्षक इथेच सर्वाधिक चुकतात. सप्टेंबर 2016 मध्ये अर्जेंटिनातील व्हिक्टर बुसो हे हौशी निरीक्षक नवा कॅमेरा तपासण्यासाठी एनजीसी 613 या दीर्घिकेची छायाचित्रे घेत होते. सुरुवातीच्या चित्रांत नसलेला बिंदू थोड्याच वेळाने घेतलेल्या चित्रांत उजळत गेला. तो सुपरनोव्हाचा अगदी पहिला प्रकाश होता, आणि त्याची वेळ इतकी नेमकी ठरू शकली ती आधीच्या रिकाम्या चित्रांमुळेच.

आपल्या दुर्बिणीच्या आकाराविषयीही मनात किंतु नसावा. जेसोरच्या (आता बांगलादेशात) कोषागारात नोकरी करणारे राधागोविंद चंद्र यांना रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांच्या निरीक्षणासाठी अमेरिकेतील एएव्हीएसओ या संस्थेने 1926 मध्ये पाठवलेली दुर्बीणही सुमारे सहा इंचांचीच होती, आणि त्यांच्या नोंदींची संख्या सदतीस हजारांच्या घरात गेली.

प्रत्यक्ष कामात ताऱ्याच्या जवळचे, ज्ञात प्रतीचे दोन तारे, एक किंचित तेजस्वी आणि दुसरा किंचित मंद, निवडून त्यांच्या तुलनेत प्रत ठरवावी आणि ती एएव्हीएसओकडे कळवावी. वेळ मात्र जागतिक वेळेत हवी. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करताना मध्यरात्रीनंतरच्या नोंदींची तारीख बदलू शकते हे विसरू नये : 10 मेची मध्यरात्र उलटून 11 मे लागल्यावर साडेबाराला केलेली नोंद 10 मे, 19 वाजता अशी लिहिली जाते. ही चूक झाली, तर वेगाने बदलणाऱ्या ताऱ्याची उत्तम नोंदही दिशाभूल करते.

जूनपासून पावसाळा आपले आकाश झाकून टाकतो. त्या काळात लडाखमधील हानले येथील आयआयटी मुंबईच्या सहभागाने चालणारी, 70 सेंटिमीटर व्यासाची ग्रोथ-इंडिया दुर्बीण अशाच क्षणिक घटनांचा मागोवा घेत असते. आपण मात्र त्या महिन्यांत तुलना ताऱ्यांचे नकाशे पाठ करावेत आणि एखाद्या रात्री ढग फाटले, तर दहा मिनिटांसाठी का होईना, गच्चीवर जावे.