आईचे गुडघे गेले, आजीची बोटं वाकडी झाली, मग माझंही तेच होणार का?

तुम्ही लिहिलंय की वय ३४, आईला गुडघेदुखी, आजीची हाताची बोटं वाकडी झाली होती, आणि आता जिना उतरताना तुमचाही गुडघा कटकट वाजतो, तर संधिवात होणारच का आणि तो होऊ नये म्हणून रोज काय करायचं. मी डॉक्टर नाही. फोंड्यात राहते, वय ५३, पंचेचाळिशीत माझा उजवा गुडघा असा धरला की भजनाला मांडी घालून बसले तर उठवायला दोन बायका लागायच्या. त्यामुळे जे सांगते ते डॉक्टरला विचारून, फिजिओकडे जाऊन आणि स्वतःच्या अंगावर करून बघितलेलं आहे.

आधी त्या आवाजाचं. नुसतं वाजतं, दुखत नाही, सूज नाही, तर सोडून द्या. माझा डावा गुडघा कॉलेजपासून वाजतो आणि तोच चांगला आहे.

दुसरं म्हणजे आई आणि आजी यांना एका माळेत ओवू नका. आपल्याकडे सगळ्यालाच "वात" म्हणायची सवय. आईचं बहुतेक सांधा झिजण्याचं असणार, वय, वजन, जुनी दुखापत यांतून येणारं. आजीची बोटं वाकडी झाली म्हणता, ते आमवाताचं असू शकतं, म्हणजे शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती सांध्यावर उलटते ती गोष्ट. दोन्हीत घराण्याचा वाटा असतो, पण वाटाच, सगळी जमीन नाही. आमवाताचा धोका वाढवणारी आपल्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सिगारेट, ती ओढत असाल तर बाकीचं उत्तर नंतर वाचा.

आता गुडघा. लोक म्हणतात वंगण संपलं. माझी आईपण म्हणायची, ढोपरातलं तेल संपलं गं. असं काही संपत नाही. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते आणि तिला रक्तवाहिन्याच नाहीत. भार पडला की तिच्यातलं पाणी बाहेर दाबलं जातं, भार सुटला की सांध्यातल्या द्रवातून पोषण घेऊन परत आत येतं. म्हणजे तुम्ही चाललात तर ती जेवते, बसून राहिलात तर उपाशी. मला हे कळलं तेव्हा मी हसलेच, कारण गुडघा दुखतो म्हणून मी बरोबर उलटं करत होते, सहा महिने जपून जपून बसले होते आणि वजन ७१ वर गेलं होतं.

गोव्यात तर चालणंच संपलंय. कोपऱ्यावरच्या पोदेराच्या दुकानातून पाव आणायलाही स्कूटर. मी सुरुवात केली ती बांदोड्याच्या नागेशीच्या तळीच्या बाजूला पहाटे वीस मिनिटं, सपाट रस्त्यावर, आणि मग हळूहळू वाढवत नेलं. पावसाळ्यात लोक म्हणतात की दमट हवेने सांधे धरतात, असेल, पण मला वाटतं जून ते सप्टेंबर आपण घराबाहेर पडत नाही हेही त्याचं मोठं कारण आहे. मी त्या दिवसांत बाल्कनीत येरझाऱ्या घालते, शेजारीण म्हणते पिंजऱ्यातला वाघ.

चालण्यापेक्षाही मला गुण आला तो मांडीच्या स्नायूंच्या व्यायामाने. मांडीचा पुढचा स्नायू दणकट असला की धक्का तो घेतो, सांध्यावर कमी येतो. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं बसायचं, दहा वेळा, दिवसातून दोनदा. आडवं पडून पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा आणि पाच मोजेपर्यंत धरायचा. बस, इतकंच. फिजिओने सांगितलं होतं सहा आठवडे तक्रार करू नका, मी तिसऱ्याच आठवड्यात केली 😄 पण दीडेक महिन्याने बसची ती उंच पायरी दांडा न धरता चढले. आणि हे लक्षात ठेवा, गुडघा दुखत असेल तेव्हा जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

वजनाचा हिशोब ऐका, १ किलो कमी केलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोने कमी होतो. मी ६ किलो उतरवले, म्हणजे पावलागणिक २४ किलो. आमच्या गॅसच्या भरलेल्या सिलिंडरचं वजन साधारण ३० किलो असतं, तेव्हा तुम्हीच बघा.

स्वयंपाकघरात मी एकच मोठा बदल केला. आदोळीवर (विळीवर) जमिनीशी बसून नारळ खोवणं आणि मासे कापणं बंद, आता ओट्याला घट्ट बसणारी खोवणी आणि उभ्याने सुरी. तुमचे गुडघे ठीक असतील तर मांडी घालून बसायला काहीच हरकत नाही, उलट सवय ठेवा, पण तासन्‌तास उकिडवं बसून काम नको. अंगठ्याच्या मुळाशी दुखतं ना बायकांना पन्नाशीनंतर, तोही सांधा झिजतोच, म्हणून ओले कपडे दोन हातांनी पिरगाळायचे नाहीत आणि भरलेलं भांडं एका हाताने उचलायचं नाही.

घरात मुलगा फुटबॉल खेळत असेल (गोव्यात कुणाचा खेळत नाही!) तर सांगा, तरुणपणी गुडघ्यातला लिगामेंट तुटला की पुढे १०-२० वर्षांत तो गुडघा झिजायची शक्यता खूप वाढते. फिफा ११ प्लस नावाचा वीसेक मिनिटांचा वॉर्म-अप आहे, त्याने दुखापती कमी होतात, फुकट आहे, पण मुलांना त्याचा कंटाळा येतो.

खाण्याबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगते. बांगडा, तारले यांत ओमेगा-३ असतं, चांगलंच आहे, पण त्याने झिजलेली कूर्चा परत येत नाही. आणि इथेच गंमत, गाऊट (युरिक ॲसिड साठून सांधा एकदम सुजतो तो आजार) असलेल्याला हेच तारले त्रास देतात. माझ्या भावाचा पायाचा अंगठा एका रात्री असा लाल होऊन सुजला की चादर लागली तरी ओरडायचा, आदल्या दिवशी लग्नात बियर आणि तिसऱ्यो दाबून झाल्या होत्या. घरच्यांनी काय बंद केलं? टोमॅटो, पालक आणि डाळ! भाज्यांमधल्या प्युरिनने (ज्याचं अंगात युरिक ॲसिड होतं त्या घटकाने) गाऊट वाढत नाही, बियर, फेणी, कलेजी, शिंपल्या आणि गोड कोल्ड्रिंक यांनी वाढतो. ॲटॅकच्या वेळी रक्तातलं युरिक ॲसिड नॉर्मलसुद्धा येऊ शकतं, म्हणून तेव्हाच्या एका रिपोर्टवर जाऊ नका.

ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांवर मी आठ महिने पैसे घातले. २००६ साली अमेरिकेत त्यावर मोठी चाचणी झाली होती, एकूण रुग्णांत साध्या खोट्या गोळीपेक्षा ती सरस ठरली नाही, हे मला नंतर कळलं. तेल चोळा, ऊब येते, बरं वाटतं. पण लेबल नसलेली पुडी कुणी दिली आणि दोन दिवसांत जादू झाली तर सावध, त्यात स्टिरॉइड असू शकतं. माझ्या मावशीचं तोंड सुजून चंद्रासारखं झालं होतं, त्याला सगळे "तब्येत सुधारली" म्हणत होते.

मे महिन्यात समुद्राच्या खाऱ्या पाण्यात न्हायची आपल्याकडची जुनी पद्धत आहे ना, मीठ अंगात जाऊन काय करतं ते देव जाणे, पण कंबरभर पाण्यात उभं राहिलं की गुडघ्यांवर शरीराचा निम्माच भार राहतो आणि तिथे चालणं हा फार सुंदर व्यायाम आहे. लाटा शांत असतील तेव्हाच, आणि सोबत कुणीतरी हवं.

शेवटी आजीमुळे तुमच्यासाठी एक गोष्ट. सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली राहतात आणि मोकळी व्हायला अर्धा-पाऊण तास किंवा जास्त लागतो, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजतात, आणि हे काही आठवडे चालूच आहे, असं झालं तर पेनकिलर खात घरी बसू नका, संधिवाताच्या डॉक्टरला लगेच दाखवा. आमवात लवकर पकडला तर औषधाने बोटं वाकडी होण्यापासून बऱ्याच अंशी वाचवता येतात, तुमच्या आजीच्या वेळी बहुतेक ते मिळालं नसेल. झिजेच्या दुखण्यात सकाळचं आखडणं थोडा वेळच असतं आणि दुखणं संध्याकाळी वाढतं. आईचं यातलं नक्की कुठलं आहे ते उद्या सकाळी तिलाच विचारा, चहा करताना बोटं किती वेळाने मोकळी होतात ते.