कमोडमधलं पाणी पिवळट-तांबूस दिसतं, काय करावं?

आधी फ्लशच्या टाकीचं झाकण उचलून बघा. तळाशी विटकरी गाळ असेल तर पाण्यात लोह आहे किंवा जुना जीआय (जस्ताचा मुलामा असलेला लोखंडी) पाइप गंजलाय. बोअरचं ताजं पाणी पांढऱ्या बादलीत भरून ठेवा. आधी नितळ असलेलं पाणी काही तासांत पिवळं पडलं तर लोहच समजा. मग गच्चीवरची टाकी धुऊन घ्या आणि पाणी तपासा. पिण्याच्या पाण्यात लोहाची मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम आहे. जास्त निघालं तर लोह काढणारा फिल्टर बसवा.

टाकी स्वच्छ असेल तर डाग भांड्याचाच. लिंबूसत्त्व टाकून रात्रभर ठेवा, सकाळी घासा. कृपा करून ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.